चार भागांची प्रार्थना

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाय. पोरीला न्हाय, बहिणीला न्हाय, पाद्रीसाहेबांना तर न्हायच न्हाय. देवाला सांगितलं का? — थांबा, त्यावर येते. जरा दमानं घ्या. तोंड उघडतंय आन् परत मिटतंय माझं.

निजामाचं राज्य होतं. आमचे हे — शमुवेल — धाराशिवला मिशनच्या शाळेत शिकत होते. शिकून मास्तर व्हायचं, खेड्यात शाळा चालवायची आन् रविवारी उपदेश करायचा, अशासाठी ती शाळा. लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना धाब्याच्या खोल्यांची एक रांग दिली होती. दुपारी आम्हा बायकांचाही वर्ग भरायचा. बाप्तिस्म्यात मी सखूची मार्था झाले होते, पण मार्था लिहायला तिथं शिकले. आन् प्रार्थना शिकले. बाई सांगायच्या, प्रार्थनेचे चार भाग असतात. आधी देवाची स्तुती, मग उपकार मानायचे, मग पापाची कबुली, आन् मागणं सगळ्यांत शेवटी.

बुधवारी प्रार्थनासभा असायची. लढाईमुळं रॉकेल मिळंना, म्हणून दिवस मावळायच्या आत उरकायची. रिवाज असा, की सगळ्यांनी डोळे मिटायचे आन् ज्याला वाटंल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. मधी कुणी बोलायचं न्हाय. देवाशी बोलणाऱ्याला कोण अडवणार? शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं.

यांना ती सभा लई आवडायची. घरात माझ्याशी चार शब्द बोलायचे न्हायत, पण बुधवारी — अगागा, काय ती जीभ! "प्रभू, माझ्या बायकोचा राग आवर." आमेन. "प्रभू, तिला पहाटं उठायची सुबुद्धी दे." आमेन. भाकरी करपली, की मला कळायचं, ही आता बुधवारी देवापुढं जाणार. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया दात काढायच्या. "मार्था, आज लवकर उठलीस व्हय गं?" मी हसून साजरं करायची. नवऱ्याशी भांडता येतं हो. प्रार्थनेशी कसं भांडायचं?

एवढ्यावर राहिलं असतं तर म्या सोडून दिलं असतं. दिलं असतं का? — जाऊ द्या.

माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं. सातवा महिना होता. पोरगा होता. त्याआधी सासू गावाकडनं, ईटहून, आली होती. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, ती आपल्या देवीची. तिनं माझ्या कमरेला देवीचा दोरा बांधला, आन् म्या बांधून घेतला. भ्या वाटत होतं मला, पहिलटकरीण मी, कुणाचाही आधार चालला असता. लेकरू गेल्यावर हे म्या यांना सांगितलं. रडत सांगितलं, आपला माणूस म्हणून सांगितलं. यांनी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. खोटं कशाला बोलू, फिरवला.

आन् बुधवारी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, माझ्या बायकोनं मूर्तीचा दोरा बांधला, म्हणून तू आमचं लेकरू नेलंस. तिला क्षमा कर."

दोरा यांच्या आईनं बांधला, ते तेवढं गिळलं! आईला झाकलं आन् मला चव्हाट्यावर मांडलं. आन् सगळी सभा म्हणाली, आमेन. माझ्या लेकराच्या मरणाला आमेन!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, याची जिरवायची. जिथं माझी अब्रू गेली तिथंच, आन् तशीच.

वरीसभर थांबले. घाई केली न्हाय. रांधून वाढलं. यांच्या पाठांतराला पुस्तक धरून समोर बसले, चुकतील तिथं सांगितलं. परीक्षेत पहिले आले, त्यात माझीही मेहनत होती. आमच्याकडच्या वाशीजवळ एका गावी मास्तरकी ठरली. सामानाची बांधाबांध झाली. हे मनातल्या मनात उपदेश घोकत फिरायचे, हात हलवत. मी बघायची आन् म्हणायची, चढ बाबा, अजून वर चढ. पडलास तर लागलं पायजे.

निघायच्या आधीचा तो शेवटचा बुधवार. त्याच आठवड्यात सासू आजारी म्हणून हे दोन दिवस ईटला जाऊन आले होते. खरंच ईटलाच होते, आईच्या उशाशी. मला पक्कं ठाऊक होतं, माझा भाऊच सोबत होता.

बायकांतनं क्वचितच कुणी प्रार्थना करायचं. त्या दिवशी म्या केली. आधी स्तुती केली. मग उपकार मानले, नवऱ्याला विद्या दिलीस, नेमणूक दिलीस म्हणून. आवाज कापत होता माझा. लोकांना वाटलं, भक्तीनं. मग तिसरा भाग आला — कबुलीचा.

"प्रभू, माझा नवरा आईचा नवस फेडायला तुळजापूरला गेला. बोकड कापलं, नवसाचं मटण खाल्लं. लाजेपायी तो सांगत न्हाय. त्याला क्षमा कर."

आमेन आलं, पण जरा उशिरानं आलं.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आन् मला कसं वाटलं, सांगू? गोड वाटलं. गुळाच्या ढेपेचा खडा तोंडात धरल्यावाणी गोड.

अजून एक सांगायचं राहिलं. माझे डोळे उघडे होते. यांचं तोंड कसं होतंय ते मला बघायचं होतं. सगळी डोकी खाली, आन् पलीकडं पुरुषांच्या बाजूला यांचेही डोळे उघडे. ते माझ्याकडंच बघत होते.

पाद्रीसाहेबांनी दोघांना बोलावलं. "तुळजापूरला गेला होतास?"

"न्हाय जी."

"मग तुझी बायको देवासमोर खोटं बोलली?"

आता एक व्हय म्हणायचा अवकाश होता. माझा भाऊ साक्षीला होता. मला मंडळीतनं काढलं असतं आन् यांची नेमणूक वाचली असती. मी दाराशी पदराचा बोळा तोंडात धरून उभी. जो माणूस माझी करपलेली भाकरी देवापुढं मांडायचा, त्यानं त्या दिवशी मिठाची गुळणी धरली. पाद्रीसाहेबांनी तीनदा विचारलं. हे खाली मान घालून उभे. गप राहिला म्हणजे कबूल, असं धरलं त्यांनी. नेमणूक गेली.

का गप राहिले? माझ्यासाठी? का त्या लेकरासाठी? म्या कवाच विचारलं न्हाय. खरं सांगते, मला त्याचाही राग आला. म्हटलं, इथंही मोठेपणा पायजे याला!

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "प्रार्थनेत डोळे मिटले होतेस न्हवं?"

"व्हय," म्या म्हटलं, "मिटले होते."

मान हलवली त्यांनी. मी चुलीपुढं बसले आन् भाकऱ्या थापल्या.

पुढं निजाम गेला, मुलूख बदलला. पोरगी झाली, तिचं लग्न झालं. यांनी जिनात कापसाच्या गाठी वाहिल्या, पाठ वाकेपर्यंत. मिशनच्या देवळात शेवटच्या रांगेत बसायचे. मोठ्यानं प्रार्थना पुन्हा केली न्हाय, जेवणाआधीचीसुद्धा न्हाय. ती मी करायची. जिरली होती की पुरती! मग मी थांबले का? कुठली थांबतेय! ताट वाढून म्हणायची, "प्रभू, मास्तराची न्हाय, पण हमालाची भाकरी दिलीस, तुझे उपकार." आन् हे आमेन म्हणायचे. म्हणायचे आन् जेवायचे. तीस वरसं.

यांच्या मातीच्या दिवशी नवे पाद्रीसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, तुमची प्रार्थना लई गोड असते. तुम्हीच करा."

म्या केली. स्तुती केली. उपकार मानले. पोरीसाठी, नातवंडांसाठी मागणं मागितलं. तिसरा भाग म्या गाळला. डोळे उघडे होते माझे, समोर यांची पेटी होती. सगळे आमेन म्हणाले, आन् मीही म्हटलं.