हजार नद्यांच्या लोकाचं अर्धं पान

कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होते त्या वर्षांतली ही गोष्ट. आजही ती सांगायला घेतली की माझा आवाज चढतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई एका खेळाच्या पुस्तकावरून एवढी का चिडते. म्हणून आधी खेळ काय होता ते सांगते.

दर रविवारी दुपारी आमच्या वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, कॉमन रूममध्ये आम्ही चौघं जमायचो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्या तिघांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मी दार ढकलते, मी पहारेकऱ्याला थाप मारते, असं आपण म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवणार. गोष्ट सांगणाऱ्याला जर्मनमध्ये स्पीललाइटर म्हणतात. आमचा स्पीललाइटर गणितात पीएचडी करत होता. उंच, हडकुळा, आणि नियमांची जाडजूड पुस्तकं कापडी पिशवीतून घेऊन येणारा. मला या खेळात ओढलं ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीनं. ती आर्किटेक्चर शिकत होती. चौथा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, इतका अबोल की सुरुवातीचे दोन महिने मी त्याचा आवाज फक्त त्याच्या पात्राच्या तोंडूनच ऐकला.

पहिल्या दिवशी मी माझं पात्र तयार केलं. नकाशे काढणारी एक बाई, दुसऱ्याच कुठल्या तरी जगातून चुकून इकडे आलेली आणि परत जायचा रस्ता शोधणारी. जर्मनीत येऊन मला चारच महिने झाले होते, त्यामुळे हे कुठून सुचलं ते विचारायला नको. स्पीललाइटर खूश झाला. या खेळात आपल्या नेहमीच्या जगापलीकडे बरीच जगं असतात, आगीचं एक, मेलेल्यांचं एक. इंग्रजीत त्यांना प्लेन म्हणतात, मी मनातल्या मनात लोक म्हणायचे, पाताळलोकातल्यासारखे. त्यानं पुस्तकातली यादी काढली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तू इथली. हजार नद्यांचा लोक."

"तिथं काय आहे?"

"एवढंच दिलंय. एकच ओळ. या सगळ्या लोकांवर वेगळं पुस्तक येणार आहे, त्यात सविस्तर असेल."

मी सांगलीची. नदीकाठची. हजार नद्या म्हटल्यावर मला ते एकदम पटलं. मी विचारलं, तोवर मी तिथल्या चार गोष्टी मनानं रचू का? तो म्हणाला, नको, उगाच पुस्तकाशी विसंगत व्हायला नको. थांबू या.

आणि मग आम्ही दीड वर्ष थांबलो.

माझ्या मैत्रिणीच्या पात्राला गाव होतं, बहीण होती, त्या बहिणीचं भांडकुदळ सासर होतं. अबोल मुलाच्या पात्राला एक मठ होता आणि त्या मठातली घंटा चोरीला गेली होती. माझ्या बाईला काहीच नव्हतं. कुणी विचारलं, बाई तुझ्याकडे काय जेवतात, की स्पीललाइटर हात वर करायचा. "हे पुस्तक आल्यावर." तुमच्याकडे माणूस गेला की काय करतात? पुस्तक आल्यावर. एकदा तर एका म्हातारीनं माझ्या पात्राला तिच्या आईचं नाव विचारलं, आणि त्यानं तेही सांगू दिलं नाही, कारण त्या लोकात नावं कशी असतात ते अजून छापून यायचं होतं. मी मुकाट्यानं ऐकलं. आता वाटतं, का ऐकलं? पण तेव्हा व्हिसाची मुदत वाढवायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, गेलं की तिथली बाईही पत्र येईपर्यंत थांबा म्हणायची, आणि मी थांबायचे. थांबायची सवयच लागली होती.

पुस्तक काही येईना. आधी वसंतात येणार होतं, मग शरदात. स्टेशनमागच्या खेळांच्या दुकानात मी माझ्या नावानं एक प्रत नोंदवून ठेवली होती. दुकानदार पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. दर वेळी वहीत माझं नाव शोधायचे, पेन्सिलीनं त्यापुढे टिंब द्यायचे आणि म्हणायचे, "आल्झो, पुढच्या महिन्यात नक्की." नावापुढे टिंबांची रांग लागली. मी इंटरनेटवर त्या पुस्तकाबद्दलचं सगळं वाचायचे. नुसत्या मुखपृष्ठाचं चित्र आलं तेव्हा मी ते लॅबच्या प्रिंटरवर छापून पलंगाशेजारी लावलं. त्यात कोपऱ्यात पाण्याची एक निळी रेघ होती, तेवढी आमची.

मधल्या पावसाळ्यात सांगलीला पूर आला. तीन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा आई इतक्या शांतपणे बोलली की मला रडू फुटलं. पाणी खालच्या खोलीत कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत चढलं होतं. बाबांनी शेजारच्या आजींना, वय वर्षं नव्वद, खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. एका बाजूनं बाबा, दुसऱ्या बाजूनं समोरचा दूधवाला. आजी वाटभर बाबांना बजावत होत्या, अरे हळू, कंबर धरेल तुझी. मग गल्लीतली अकरा माणसं आमच्या गच्चीवर राहिली, आणि आईनं त्यांना एका स्टोव्हवर पिठलंभात करून घातला. हरिपूरकडच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं. पेवं म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारं. वर्षानुवर्षं हळद त्यात कोरडी राहायची. आई म्हणाली, पाणी ओसरल्यावर तिकडचा चिखल पिवळा दिसत होता म्हणे.

मी हे रविवारी खेळाआधी सांगितलं. मैत्रिणीनं मला मिठी मारली. अबोल मुलानं विचारलं, "भिंतीवर खूण केली का? पाणी कुठपर्यंत आलं त्याची?" मी म्हटलं, बाबा नेहमी करतात. त्यानं मान हलवली. स्पीललाइटरलाही वाईट वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तो स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आला.

पुस्तक आलं ते पुढच्या वर्षी, एका शनिवारी. दुकानदारांनी ते कागदात बांधून दिलं आणि चक्क माझ्याशी हात मिळवला. आमच्यात नियम होता की जगाबद्दलची पुस्तकं खेळाडूंनी आधी वाचायची नाहीत, नाहीतर गंमत जाते. बसमध्ये ते बांधलेलं पुस्तक मी मांडीवर धरून बसले. वोनहाइमपर्यंत अर्धा तास. कागदाचा कोपराही उचकटला नाही. स्वतःच्या या शहाणपणाची मला पुढं बरीच वर्षं लाज वाटली.

रविवारी स्पीललाइटरनं सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं. आगीच्या लोकाला बारा पानं. मेलेल्यांच्या लोकाला वीस, नकाशासकट. एका लोकात सगळं घड्याळाच्या चाकांचं होतं, त्याला नऊ. मग त्याला आमचं पान सापडलं. अर्धं पान होतं. उरलेल्या अर्ध्यात एका मगरीचं चित्र.

त्यानं मोठ्यानं वाचलं. मला ते जवळजवळ पाठ आहे, पण इथं शब्दशः देत नाही, मतलब सांगते. हजार नद्यांच्या लोकात गढूळ पाणी आणि दमट झाडी आहे. तिथले रहिवासी सावळे, मृदुभाषी आणि विश्वासघातकी. पुराला ते देव मानतात. पाणी चढू लागलं की म्हातारे आणि अशक्त यांना काठावर बांधून ठेवतात, देवाचा वाटा म्हणून, आणि स्वतः होड्यांत बसून निघून जातात.

स्पीललाइटरनं पुढची ओळ वाचली. तिथून आलेल्या पात्रावर इतर कुणी विश्वास ठेवायचा तर फाशाच्या आकड्यातून चार वजा करायचे. त्यानं पेन्सिल घेतली आणि माझ्या पात्राच्या कागदावर उणे चार लिहिलं.

"हे खोडून टाक," मी म्हटलं.

"तसं पुस्तकात आहे."

"मी ऐकलं. खोडून टाक."

"पण बघ ना, हे किती इंटरेस्टिंग आहे. दीड वर्ष आपल्याला वाटत होतं ही चांगली आहे. आता कळलं की ती लपवत होती."

"कोण लपवत होतं? तू मला माझ्या आईचं नाव सांगू दिलं नाहीस."

तो खरंच गोंधळला होता. म्हणाला, "तू हे भारताबद्दल घेतेयस का? हा भारत नाहीये. ही कल्पना आहे."

"सावळे आणि मृदुभाषी, हे कुणाला बघून सुचलं मग? तुझ्या काकांना?"

तेव्हा माझी मैत्रीण, जिनं मला पुराच्या वेळी मिठी मारली होती, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं, हा नुसता खेळ आहे."

मला सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा आला. नुसता खेळ होता तर दीड वर्ष पुस्तकाची वाट कशाला बघायला लावली? एका ओळीवर मी चार घरं बांधली असती. तेव्हा पुस्तक पवित्र होतं, आणि त्या पुस्तकानं माझ्या तोंडावर थुंकल्यावर हा नुसता खेळ झाला. हे सगळं मी बोलले. माझं जर्मन तेव्हा बेताचंच होतं, पण त्या दिवशी एकही क्रियापद चुकलं नाही. शेवटी म्हटलं, माझ्या बापानं नव्वद वर्षांच्या बाईला खुर्चीतून उचलून वर नेलं, आणि तुम्ही मला वाचून दाखवताय की आम्ही त्यांना काठावर बांधतो. माझा कागद उचलला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. तीन पानं, मुद्देसूद, शिवी नाही. पूर म्हणजे काय असतं ते लिहिलं. ज्यानं हे लिहिलं तो कधी गुडघाभर पाण्यात तरी उभा राहिलाय का, असं विचारलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. एक छापील कार्ड, त्यावर ड्रॅगनचं चित्र आणि आमच्या खेळावरच्या प्रेमाबद्दल आभार. खाली सहीसुद्धा छापलेली.

रविवारी मी जाणं बंद केलं. मैत्रीण स्वयंपाकघरात भेटायची, आम्ही हवापाण्याचं बोलायचो. असे पाच-सहा आठवडे गेले असतील. एका शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर तो अबोल मुलगा. त्याच्या हातात एक फोटो होता: दगडी चौकटीचं जुनं दार, आणि त्या चौकटीवर एकाखाली एक कोरलेल्या आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे साल.

"माझ्या आजीचं घर," तो म्हणाला. "मोझेल नदीवर. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे. पाणी यायला लागलं की आमच्याकडे आधी म्हाताऱ्यांना वर नेतात, मग वाइन." फोटो माझ्या हातात देऊन म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही."

मी त्याला आत बोलावलं, चहा केला. मी खरं तर त्याच्यावरही चिडलेले होते, आणि ते त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्याकडचं कसं असतं ते तू लिही. तू स्पीललाइटर हो. मी खेळेन."

मी लिहिलं. सव्वीस पानं, लॅबमधला प्रयोग चालू असताना, ओव्हन तापायची वाट बघत. हजार नद्यांच्या लोकात धान्य जमिनीखाली ठेवतात आणि कुठं ते फक्त घरातल्या थोरल्या बाईला माहीत असतं. प्रत्येक दारावर पाण्याच्या रेघा असतात, आणि पाहुण्याला आधी त्या दाखवतात, मग पाणी देतात. पूर आला की ज्याची गच्ची उंच त्याच्याकडे सगळी गल्ली, भांडण असलं तरी. भांडण गच्चीवर चालू ठेवायला परवानगी असते. आणि माझ्या नकाशेवालीच्या आईला मी नाव दिलं. पहिल्याच पानावर.

पहिल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या रविवारी मैत्रीण आली. ती दारात उभी राहून म्हणाली, "मी ते वाक्य मूर्खासारखं बोलले." मी म्हटलं, हो. ती बसली. तिनं एक नावाडीण केली आणि ती इतकी तोंडाळ निघाली की आम्हाला हसू आवरेना.

स्पीललाइटर तिसऱ्या महिन्यात आला. कापडी पिशवी नव्हती बरोबर. त्यानं माफी मागितली नाही, आणि मी मागायला लावली नाही. तो राग मी तसाच ठेवला आहे, आजही. त्याला मी एका म्हाताऱ्याचं पात्र दिलं, ज्याला पूर चढत असताना दोन अनोळखी माणसं खुर्चीत बसवून वर नेतात. त्यानं ते चांगलं केलं. सगळ्या जिन्यावर तो त्यांना सूचना देत होता, हळू, भिंतीला लागेल, पायाखाली बघ. मी गोष्ट पुढं नेली.

संपल्यावर फासे गोळा करताना तो म्हणाला, "एवढ्या पाण्यात तो जिना टिकला नसता. मी फासा टाकायला लावला असता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी दोनला?"

"अडीचला. मला लॅबमधून यायला वेळ लागतो."