आजोबांना दिलेला पत्ता

प्रोकोपी इंदानोवला बसणं जमत नसे. कळप एका कुरणातून दुसऱ्या कुरणात चालला असताना, दोन मुक्कामांच्या मधे कुठेतरी तो जन्मला, आणि तेव्हापासून पुढच्या मुक्कामाला पुरता असा पोचलाच नाही, असं त्याची थोरली बहीण झिनाइदा म्हणायची. तरणा होता तोवर त्याने रेनडिअर राखले. मग सरकारी कळप मोडला. जनावरं कुठे गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी चौकशी केली नाही. प्रोकोपी शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला.

ज्या कंपनीसाठी तो हे काम करी, तिने नदीच्या उगमापाशी एक लाकडी केबिन बांधली होती. वसंतात बर्फ अजून घट्ट असतानाच हेलिकॉप्टर परदेशी पाहुण्यांना तिथे उतरवी आणि आठवड्याने उचलून नेई. मधल्या काळात पाहुण्याला एक अस्वल मिळावं अशी अपेक्षा असे. अस्वलाची काय अपेक्षा असते, हे विचारण्याची पद्धत फक्त प्रोकोपीच्या एवेन लोकांत होती.

अस्वल हा शब्द मात्र केबिनमध्ये उच्चारायचा नाही. आजोबा म्हणायचं. आजोबांना बर्फाखालूनसुद्धा ऐकू येतं, आणि बढाई तर आधी ऐकू येते. प्रोकोपीच्या थोरल्या भावाने, गेरासिमने, एकदा एका आजोबांवर गोळी झाडली आणि शेकोटीपाशी बसून ती कशी झाडली ते साग्रसंगीत सांगितलं. पुढच्या वसंतात त्याची नुसती टोपी सापडली. टोपी शाबूत होती, म्हणून ती प्रोकोपीकडे आली. तो ती घालत नसे आणि टाकतही नसे.

त्याने स्वतः जन्मात एकाही आजोबांवर गोळी झाडली नव्हती. या दृष्टीने वाटाड्याचं काम त्याला फार सोयीचं वाटे. पोट आजोबांवर चालायचं आणि दोष परदेशात जायचा. आजोबा पडले की प्रोकोपी त्यांचं डोकं उगवतीकडे वळवी, टोपी काढी आणि आपल्या एवेन भाषेत सांगे, "आजोबा, आम्ही नव्हे. आम्ही नुसते वाटेने चाललो होतो. हे काम या लांबच्या माणसाचं." आणि मग त्या माणसाचं नाव आणि गाव नीट, सावकाश सांगे. एवढ्यासाठीच पाहुणा उतरला की पहिल्या संध्याकाळी तो त्याला नाव-गाव विचारून ते पाठ करी. पाहुण्यांना हे अगत्य वाटे.

या वसंतात आलेला पाहुणा म्हणजे ओटमार, ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरातला. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या बनवण्याचा कारखाना मुलाकडे सोपवून तो मोकळा झाला होता. माणूस भला. भांडी विसळायला उठायचा आणि केबिनचा स्वयंपाक बघणारी झिनाइदा त्याच्या हातावर कलथा मारायची. दुभाष्याचं काम लारिसा पावलोव्हना करी. जिल्ह्याच्या गावी त्या जर्मन शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत.

उतरल्या दिवसापासून वादळ लागलं. केबिनमध्ये तिघं, एक चूल आणि चालू-बंद होणारा प्रोकोपी. रात्री तो बाहेर तंबूत निजे. दिवसा उठे, खिडकीची काच पुसे, बाहेर जाऊन फोडलेली लाकडं पुन्हा फोडी, आत येऊन सुरीला धार लावी, पुन्हा उठे.

"अरे, किती धार लावशील?" झिनाइदा म्हणाली. "उरलीय का सुरी?"

"वारा फिरतोय अक्का."

"वारा फिरतोय आणि तू फिरतोयस. त्यापेक्षा त्या दाराची कडी बसव. परवापासून ढिली झालीय. कोणीही नुसतं ढकलून आत येईल."

"कोण येतंय इथे?"

"तेच म्हणतेय मी. कोण येतंय ते येण्याआधी बसव."

ओटमारने रोटीवर माशाची लाल गाबोळी पसरत मास्तरीणबाईंना विचारलं, की हा गृहस्थ कसली काळजी करतो आहे? त्यांनी ते प्रोकोपीला विचारलं.

"काळजी कसली," प्रोकोपी खिडकीशी उभ्यानेच म्हणाला. "आभाळ उघडलं की समोरच्या उतारावर आजोबा बाहेर येणार. त्यांना ऊन लागतं. परवापर्यंत आपले झालेच म्हणा."

शब्द तोंडातून गेला आणि तो जागच्या जागी थांबला. झिनाइदाच्या हातातला कलथाही थांबला.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"आपले झालेच म्हणालास."

"चुकून गेलं अक्का."

"गेरासिमचंही चुकूनच गेलं होतं," असं म्हणून तिने चुलीत चिमूटभर तंबाखू टाकली, म्हणजे ऐकलंच असेल तर निदान वासाने विसर पडावा. त्यानंतर प्रोकोपी जेवताना उभाच राहिला.

वादळ निवळलं तेव्हा बर्फावर पापुद्रा धरला होता. बर्फगाडी त्यांनी दरीत सोडली, मास्तरीणबाईंना तिच्यापाशी ठेवलं आणि दोघं कातडं ठोकलेल्या स्कीवर चढू लागले. वारा तोंडावर होता. प्रोकोपी पुढे जाई, थांबे, मागे येऊन ओटमारच्या रायफलीची नळी खाली करी, परत पुढे जाई. वाटाड्याकडेही रायफल असते. पाहुण्याच्या जिवासाठी. त्याने ती आजवर कधी खांद्यावरून उतरवली नव्हती.

आजोबा उन्हात बसले होते. नुकतेच जागे झालेले, जरा कंटाळलेले, पेन्शनीतल्या माणसासारखे. ओटमारने श्वास धरला, नेम घेतला आणि झाडली. आजोबा वळले. गोळी खांद्याला लागली होती, पण पुरती नव्हे. उतारावरून लोळत ते खुरट्या पाइनच्या जाळीत शिरले. बर्फावर लाल रेघ राहिली.

आता जखमी आजोबांच्या मागे वाटाड्याने जायचं असतं. प्रोकोपीने ओटमारला हाताने मागे दाबलं आणि रायफल उतरवली. जाळीत फांदी हलली नाही. तो डावीकडे सरकला, पुन्हा उजवीकडे आला. पाय एका जागी ठरेनात. एवढ्यात ओटमार, त्याला एकटं सोडायचं नाही अशा भल्या बुद्धीने, दबक्या पावलांनी त्याच्या बाजूला आला. जाळी फुटली आणि आजोबा सरळ ओटमारवर आले.

दोघांनी घोडा ओढला. बार एकच झाला. आजोबा ओटमारच्या स्कीवर डोकं टेकवून पडले.

"मी मारला," ओटमार आपल्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगत होता. "अगदी पायाशी. मी मारला."

प्रोकोपीने त्याच्या हातातली रायफल घेतली, बोल्ट मागे ओढला. पहिल्या बाराचं रिकामं काडतूस उडून बर्फात पडलं. पहिल्या गोळीनंतर ओटमारने बोल्ट ओढलाच नव्हता. नळीत झाडायला काही नव्हतंच. प्रोकोपीने काडतूस उचललं, खिशात टाकलं आणि रायफल आदराने परत दिली.

मास्तरीणबाई धापा टाकत वर आल्या. प्रोकोपीची रायफल खांद्यावर नाही, हे त्यांनी आधी पाहिलं. "दुसऱ्या वेळी मी एकच बार ऐकला," त्या त्याला हळूच म्हणाल्या.

"डोंगरात कधी एक ऐकू येतो, कधी दोन."

"पहिल्या वेळेला नीट एकच आला."

प्रोकोपीने आजोबांचं डोकं उगवतीकडे वळवलं, वळवून झाल्यावर पुन्हा जरासं सारखं केलं, लव झटकली, टोपी काढली. ओटमारनेही काढली. ही पद्धत त्याला पहिल्या संध्याकाळी समजावली होती.

"आजोबा," प्रोकोपी म्हणाला, "आम्ही नव्हे."

आणि पुढे त्याला येईना. इतकी वर्षं हे वाक्य खरं असल्यामुळे सोपं होतं. आजोबांचे डोळे अर्धे उघडे होते. ज्यांना बर्फाखालून ऐकू येतं, त्यांना इतक्या जवळून कुठली रायफल वाजली हे कळलं नसेल असं म्हणणं अवघड होतं. नाव ओटमारचं दिलं तर दोष लिंत्सला जाईल, पण तिथून खोटा ठरून परत येईल, आणि येताना वाट पुसत इथेच येईल. आपलं दिलं, तर सरळच येईल.

तो अडखळला आहे असं पाहून ओटमारने मदत केली. "ओटमार," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "लिंत्स."

प्रोकोपीने त्याच्याकडे पाहिलं. एक पाय उचलला, ठेवला.

"चुकलं आजोबा," तो एवेनमध्ये म्हणाला. "पहिली गोळी याची, दुसरी माझी. तुम्ही माझ्या गोळीने गेलात. इंदानोव प्रोकोपी, याकोवचा मुलगा. नदीच्या उगमाशी केबिन आहे, बाहेर तंबू आहे, मी तंबूत निजतो. परवा बोललो तेही मीच. आता मारणाऱ्याने शिकार स्वतःजवळ ठेवायची नाही, सोबत्याला द्यायची, ही आपली रीत. मी तुम्हाला या माणसाला दिलं. भला आहे. भांडी विसळतो."

मग सवयीने त्याने ओटमारचं नाव-गावही सांगितलं, आजोबांना कुठे नेणार ते कळावं म्हणून.

"काय म्हणाला तो?" ओटमारने विचारलं.

मास्तरीणबाईंना एवेन येत नव्हतं. पण दुसऱ्यांची आडनावं ओळखता येण्याइतकी हजेरी त्यांनी जन्मभर घेतली होती, आणि इंदानोव हे आडनाव त्यांनी या भाषणात आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"नेहमीचंच," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव सांगितलं."

ओटमारने आजोबांना वाकून नमस्कार केला. कातडं त्याचंच होतं. कंपनीच्या नियमानेही, रीतीनेही. याबाबतीत दोन्हींचं कधी नव्हे ते एकमत झालं.

केबिनमध्ये झिनाइदाने मांस उकळायला टाकलं. ओटमार खाटेवर बसल्या बसल्या झोपला. प्रोकोपी खिडकीशी गेला, चुलीशी आला, पुन्हा खिडकीशी गेला.

"सांगितलंस ना आजोबांना?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"नाव, गाव, सगळं?"

"हो."

"कोणाचं?"

तो काच पुसत राहिला. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. "आपलं," तो म्हणाला.

झिनाइदाने भांड्यावर झाकण ठेवलं. गेरासिमची टोपी खुंटीवर होती. तिच्याकडे तिने एकदा बघितलं आणि दाराकडे एकदा.

"मग आता तंबूबिंबू नको. आत नीज," ती म्हणाली. "आणि ती कडी बसव."

प्रोकोपीने खिळे शोधले, हातोडी घेतली आणि दारासमोर मांडी घातली. कडी बसली तरी तो बराच वेळ ती हलवून बघत होता.