लवू घाडीचा डिस्को

लवू घाडी रात्री साडेनऊला झोपायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अंधेरीतल्या गुंदवलीची अख्खी चाळ ते जाणून असली, तरी कणकवलीपलीकडच्या त्याच्या गावात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चाळीत पहाटे चारला नळाला पाणी यायचं. ते भरायचं, मरोळच्या औषध कंपनीत सातला हजर व्हायचं, दिवसभर खोकल्याच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या आत जांभया द्यायच्या, असा त्याचा क्रम. गिरणी होती तेव्हा निदान रात्रपाळी तरी असायची. संपात गिरणी गेली आणि लवूच्या आयुष्यातून रात्रही गेली.

पण गणपतीला गावी गेला की हाच लवू वेगळा. कोकणातल्या गावात मुंबईहून येणाऱ्याचं कौतुक असतं हे खरं, पण त्या गावात घरटी एक माणूस मुंबईला होता. कोणी फोरमन, कोणी बँकेत शिपाई, एकजण तर विमानतळावर. खोकल्याच्या बाटल्या भरणाऱ्याला तिथे कोण पुसतो? तेव्हा लवूने दिवसाची मुंबई इतरांना सोडून दिली आणि रात्रीची स्वतःकडे घेतली. आरत्या आटोपल्या की तो देवळाच्या पायरीवर बसायचा आणि जुहूच्या हॉटेलांतले डिस्को सांगायचा. जमिनीखालून पेटणारे लाल-निळे दिवे, रात्री उठून पहाटे झोपणाऱ्या बायका, आणि 'लवूशेट, आज उशीर केलात' असं म्हणून दार उघडणारा दरवान. ही सगळी माहिती त्याने बसच्या खिडकीतून, न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकांतून आणि शेजारच्या भीमराजकडून जमवली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण लवूच्या जिभेला त्यासाठी वर्षभर कष्ट पडत. ते चार-पाच दिवस म्हणजे त्याची सगळी कमाई होती. बाकीचं वर्ष तो कोणीच नव्हता, आणि ते त्याला चांगलं कळत होतं.

आणि शहाऐंशीच्या वैशाखात धोंडूचा निरोप आला. धोंडू गावचा शिंपी, लवूचा बालमित्र, देवळाच्या पायरीवर दरवर्षी अगदी पुढे बसणारा. एसटीने आलेल्या एका गाववाल्याने निरोप जसाच्या तसा सांगितला, "लवूक सांग, मी येतंय. मुंबयची रात बघूक."

लवूच्या तोंडचं पाणी पळालं. बायको मालन मात्र मासे साफ करता करता हसायला लागली.

"आता दाखवा तुमची रात," ती म्हणाली. "साडेनऊक घोरूक लागतास, ती दाखवा."

धोंडू आला तो फणस, कुळथाची पिठी आणि नवी काळी टोपी घेऊन. पहिल्याच संध्याकाळी लवूने त्याला जुहूला नेलं. चौपाटीवर भेळ खाल्ली, समुद्र दाखवला. धोंडूने गावात समुद्र पाहिलेला होता, त्यामुळे त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग लवूने त्याला एका झगमगत्या हॉटेलसमोर, पण रस्त्याच्या पलीकडे उभं केलं.

"ह्यो तो डिस्को," लवू म्हणाला. "पण आज बंद असता. सोमवार."

"बंद? मग ह्यो धडाधडा आवाज कसलो येता?"

"झाडलोट चलली आसा."

धोंडूने मान डोलावली. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसाला थाप मारताना जितका त्रास होतो तितका लबाडाला मारताना होत नाही. लवू रात्रभर कूस बदलत राहिला. धोंडू रिकाम्या हाताने परत गेला, तर गणपतीत देवळाच्या पायरीवर काय होईल हे त्याला दिसत होतं. पितळ उघडं पडणार. फोरमन हसणार, बँकेतला शिपाई हसणार, आणि लवू घाडी उरलेल्या जन्मभर बाटल्या भरणारा ठरणार.

पहाटे नळावर त्याने भीमराजला गाठलं. भीमराज जालन्याकडचा. दिवसा वर्कशॉपात लेथ चालवायचा आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचा. चाळीत रात्रीची मुंबई खरोखर पाहिलेला तो एकटाच, आणि तो तिच्याबद्दल कधी बोलत नसे, कारण वाजवून वाजवून त्याचे ओठ सुजलेले असत.

"इतकंच ना?" भीमराज बादली सरकवत म्हणाला. "अरे लव्या, परवा घाटकोपरला आमची पार्टी आहे. कापडवाल्या शेठच्या मुलीचं रिसेप्शन. लायटिंग काय, कारंजं काय, बायापोरी डिस्कोवर नाचणार. झकास काम! घेऊन ये त्याला."

"आणि गेटवर कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय यार! मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. तू फक्त तोंड वेंगाडून हसत राहा."

"आणि दारू?"

"जैन लोक आहेत. कांदासुद्धा नाही मिळणार."

लवूने पुतण्याच्या लग्नात शिवलेला सफारी काढला. पोटावरचं बटण लागेना, म्हणून मालनने सेफ्टी पिन लावून दिली आणि पिन लावताना लागेल असं बोलून घेतलं. बसमध्ये लवूने धोंडूला पढवलं. "आत गेल्यावर काय इचारू नको. क्लबात कोण कोणाक काय इचारीत नाय. गावंढळ दिसता."

"बरा," धोंडू म्हणाला.

घाटकोपरच्या त्या मैदानात शेठने इंद्रपुरीच उभी केली होती. कमानीवर पळणारे दिवे, मधोमध रंग बदलणारं कारंजं, आणि दाराशी जरीच्या घागऱ्यातल्या दोन मुली. त्यांनी धोंडूच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि हातात गुलाब दिला. धोंडूने टोपी सारखी केली. लवूची छाती फुगली, पिन तेवढी कशीबशी टिकली.

"येणाऱ्या गिऱ्हाईकाक असाच करतत," तो म्हणाला.

इचारू नको म्हटलं तरी धोंडू विचारतच होता, पण अगदी हळू, कानाशी लागून.

"ते मखरात बसलेत ते कोण रे?"

"मालक. आणि ती मालकीण."

"मालक अगदीच पोरगो दिसता."

"बापाचो धंदो आसा."

"आणि मालकीण रडता कित्या?"

"गिऱ्हाईक लय इला ना आज. खुशीन."

धोंडूने त्याच्याकडे पाहिलं, काही तरी गिळलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दारू खंय? लवूने केशर-पिस्त्याच्या दुधाचा पेला त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "हीच ती. दुधासारखी दिसता, पण हळूहळू चढता." धोंडूने तीन पेले घेतले आणि तिसऱ्यानंतर डोळे मिटून म्हणाला, "चढाक लागली हा रे." लवूला हायसं वाटलं. माणूस अडचणीत असला की स्वतःच्या थापेवर विश्वास ठेवायला त्याला फार वेळ लागत नाही. त्याने स्वतःही दोन पेले घेतले, आणि खरं सांगायचं तर त्यालाही थोडी चढली.

स्टेजवरून भीमराजचा ट्रम्पेट सुरू झाला. शेठच्या घरच्या बायका टाळ्यांचा फेर धरून नाचायला लागल्या, त्यात कॉलेजातली मुलं शिरली, आणि त्यांच्यामागोमाग धोंडू शिरला. शिमग्यात रोंबाटाची मिरवणूक घेऊन गावभर नाचणारा माणूस तो! त्याने गुडघे वाकवून, हात वर करून असा काही ठेका धरला, की मुलं थांबली आणि टाळ्या वाजवायला लागली. व्हिडिओवाल्याने डोळे दिपवणारा दिवा त्याच्यावर धरला. वधूपिता आपल्या मेहुण्याला विचारताना लवूने ऐकलं, की हे काका वेवाईंकडचे, म्हणजे व्याह्यांकडचे का? मेहुणा म्हणाला, हो, वाटतं तसंच.

हे सगळं इथवर ठीक चाललं होतं. लवूला बऱ्याच वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. आपण सांगितलेली मुंबई खरोखर असते, आणि आपण तिच्यात आहोत, असं त्याला वाटलं. रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि लवू घाडी जागा होता!

मग जेवण झालं, आणि लवू हात धुऊन वळतो तो काय, धोंडू मखराच्या पायऱ्या चढतोय. पाहुण्यांच्या रांगेतून, सावकाश, टोपी काढून. धोंडूने कनवटीचं काही तरी काढून मुलीच्या ओंजळीत ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटत आशीर्वाद दिला. मुलगी वाकून पाया पडली. तिचा बाप पुढे झाला आणि त्याने धोंडूला मिठी मारली. फोटोवाल्याने फोटो काढला. त्या घरच्या अल्बमात तो आजही असेल.

"मेल्या, ह्या काय केलंस?" धोंडू खाली आल्यावर लवूने त्याचा दंड धरला.

"जेवलंय ना मी? मग आहेर दिल्याबगर कसो जाव?" धोंडू म्हणाला. मग लवूच्या तोंडाकडे बघून त्याने हळूच जोडलं, "क्लबाच्या मालकाक."

लवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याला कमानीपासूनच सगळं कळलं होतं. मालकिणीच्या रडण्यापासून दुधाच्या नशेपर्यंत हा माणूस आपल्याला सांभाळून घेत होता, आणि आपण त्याला गावंढळ म्हणालो. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून होते. मरोळ नाका आला.

"धोंडू," शेवटी तो म्हणाला, "गावात काय सांगतलंस?"

"बघलंय ता सांगतलंय," धोंडू म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

त्या एका वाक्याने लवूचा पावसाळा खाल्ला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती आता एका शिंप्याच्या हातात होती. यंदा गणपतीला गावी जायचं नाही, रजा मिळत नाही, असं त्याने मालनला सांगून पाहिलं. "बाप्पाक काय सांगूचा? डिस्कोत आसत म्हणान?" असं ती म्हणाली आणि एसटीची तिकिटं काढून आली.

पहिल्या संध्याकाळी आरत्या झाल्यावर लवू देवळाकडे गेला तो अंगण ओलांडायलाही घाबरत. पायरीवर गर्दी होती. फोरमन होता, बँकेतला शिपाई होता, आणि मधोमध, लवूच्या जागेवर, धोंडू बसला होता. लवूला पाहताच सगळे वळले. आता हसणार, असं म्हणून त्याने खांदे पाडले.

"ये रे लवूशेट!" फोरमन उठून म्हणाला. "ह्या सांगलंस नाय कधी? गेटार अंगावर गुलाबपाणी उडवतत तुझ्या?"

धोंडू सांगत होता. गेटावर लवूला कोणी अडवत नाही, नाव विचारत नाही. क्लबाचा मालक मखरात बसतो, आणि त्याच्या सासऱ्याने धोंडूला मिठी मारली. दारू दुधासारखी असते, केशराचा वास येतो, आणि प्यायलेला माणूस बडबडत नाही, नाचतो. दिवा अंगावर घेऊन फोटो काढतात. 'क्लब', 'मालक' आणि 'दारू' हे लवूचेच शब्द सोडले, तर एकही शब्द खोटा नव्हता, आणि गावाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. लवूच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. अब्रू वाचली होती, सव्याज वाचली होती.

मग त्याला चेव आला. हे सगळं आपलंच तर आहे! तो दोन पायऱ्या चढला, खाकरला आणि म्हणाला, "आणि जुहूक काय असता, की सोमवारी..."

"गप रे लवू," पुढे बसलेला गावातला राजाराम त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मधी बोलू नको. धोंडूक सांगूक दी."

लवू सव्वीस वर्षं मुंबईत होता. धोंडू तिथे आठवडाभर राहिला होता. लवू पायरीच्या कडेला, जिथे जागा होती तिथे बसला आणि ऐकू लागला. धोंडू सांगत छान होता, आपल्यापेक्षा किती तरी छान, आणि त्याचंच लवूला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.