वाटूर फाट्यावरची रिकामी चौकट

हुकूमशाही येतेय हे ओळखायचं कसं, असं हल्लीची पोरं मला विचारतात. मी म्हातारा, शिवाय मास्तर, शिवाय आणीबाणी बघितलेला. म्हणजे माझ्याकडे लक्षणांची छापील यादीच असणार, अशी त्यांची समजूत. अरे बाबांनो, ती आली तेव्हा मी भजी खात होतो. पण विचारताच आहात तर ऐका.

तेव्हा मी वाटूरला शाळेत होतो. आमच्याकडे पेपर एकच यायचा, जालन्याहून पहिल्या एस.टी.नं. तो घ्यायचा माझ्यासोबतचा एक मास्तर, माझा दोस्त. बौद्ध घरातला, बाप मजूर, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. आणि अक्षर असं की कोंबडीनंसुद्धा लाजावं. माझं अक्षर मात्र मोत्यासारखं. हे मी नाही म्हणत, सगळा गाव म्हणायचा. मी फक्त कोणाला अडवायचो नाही. म्हणून आमची कामाची वाटणी ठरलेली. फाट्यावर एका भिंतीला मोठा काळा फळा होता. रोज सकाळी त्यानं पेपर वाचून चार बातम्या सांगायच्या, मी चार चौकटी आखून त्या लिहायच्या, भोवती रंगीत खडूची नक्षी काढायची. शेताला जाणारे, एस.टी.ची वाट बघणारे, सगळे तिथं थांबायचे. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवायचा आणि मधे मधे पदरचं घालायचा.

आणीबाणी लागली आणि आमचं गाव एकदम सुधारलं. हेडमास्तर, जे एरवी मधल्या सुट्टीत उगवायचे, ते प्रार्थनेच्या आधीच फाटकात खुर्ची टाकून बसायला लागले. गाड्या म्हणे वेळेवर धावायला लागल्या. वाटूरला रेल्वे नाही. पण त्या गाड्यांचा जेवढा आनंद वाटूरला झाला, तेवढा बदनापूर स्टेशनच्या हमालांनासुद्धा झाला नसेल! फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं माझ्याकडून पाटी रंगवून घेतली, 'येथे राजकारणावर बोलू नये'. मी खाली गुलाबाची दोन फुलंही काढून दिली. त्याला कोणी सांगितलं होतं पाटी लावायला? कोणीच न्हाई. हेच तर आमचं कौतुक, सांगायच्या आधी ऐकत होतो.

एके सकाळी पेपरातच एक जागा कोरी आली. सेन्सॉरच्या निषेधात अग्रलेखाच्या ठिकाणी नुसता पांढरा कागद. माझा दोस्त त्या कोऱ्या जागेकडं बराच वेळ बघत बसला. मग त्यानं मला तीन बातम्या सांगितल्या आणि चौथी म्हणून एका मंत्र्याचं भाषण सांगितलं. देशात सगळीकडे शिस्त आहे आणि जनता आनंदात आहे, असं काहीतरी. "एवढं लिहून टाका, मी प्रार्थनेला जातो," म्हणाला आणि गेला. मी तीन बातम्या लिहिल्या, चौथी चौकट आखली, नक्षी काढली. तेवढ्यात समोरच्या हॉटेलात भज्यांचा गरम घाणा निघाला. म्हटलं, आधी दोन भजी, एक कप चहा, मग जनतेचा आनंद. चहा संपेस्तोवर शाळेची घंटा झाली. हेडमास्तर फाटकात बसलेले. मी जो पळत सुटलो तो चौकट साफ विसरलो.

संध्याकाळी फाट्यावर ही गर्दी! पेपरात कोरी जागा, फळ्यावर कोरी जागा. लोकांनी दोनात दोन मिळवले. माणसं येत होती, त्या रिकाम्या चौकटीसमोर उभी राहत होती आणि हळूच हसत होती. दुसऱ्या दिवशी दाढीला बसलो तर आमचे न्हावी चाचा कानाशी येऊन म्हणाले, "क्या हिंमत किये मास्तर! बिलकुल बराबर केलं." माझ्या तोंडाला साबणाचा फेस होता, म्हणून मला खरं सांगता आलं नाही. असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. फेस धुतल्यावर काय झालं होतं, ते मला विचारू नका. दोन दिवस मी गावातून छाती काढून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून जमादार आला. आम्हा दोघांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. आधी मला आत घेतलं.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मंग ही जागा कशाला सोडली?"

खरं उत्तर होतं भजी. पण राज्य उलथवायच्या चौकशीत भजी कशी सांगायची? लाज वाटली, आणि भीती तर त्याहून जास्त. मी म्हणालो, "साहेब, मी नुसता लिहितो. सांगणारे ते आहेत." हेडमास्तरांनी लगेच कागद पुढं केला. मी हे वाक्य लिहून सही केली. अक्षर मोत्यासारखंच आलं, मेलं.

मग त्याला आत बोलावलं. जमादारानं तो कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "तुम्ही सांगितलं जागा सोडायला?" त्यानं माझ्याकडं बघितलं. आता हा मला उघडं पाडणार, म्हणून मी जमिनीकडं बघायला लागलो.

"हो," तो म्हणाला, "मीच सांगितलं."

त्याला घेऊन गेले ते कुठल्यातरी लांबच्या जेलात ठेवलं. नोकरी लटकली. त्याच्या घरावरून जाणारी माणसं पलीकडच्या बोळातून जायला लागली. मी मात्र दर रविवारी जायचो, मोठा सज्जन ना मी! वहिनी चहा द्यायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, सगळ्यांनी तोंड फिरवलं, तुम्ही तेवढे येता." तो चहा घशाखाली कसा उतरवायचा हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. फळ्यावर मी आता नुसते सुविचार लिहीत होतो.

निवडणूक झाली, सरकार पडलं, तो सुटून आला. निम्मा वाळला होता. ज्यांनी बोळ बदलले होते त्यांनीच हार घातले, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेपर घेऊन फाट्यावर हजर. मला राहवलं नाही.

"गुरुजी, तुम्ही 'हो' कशाला म्हणाले?"

"मंत्र्याचं भाषण मी सांगितलं अन् तुम्ही लिहिलं न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं, हा एवढा भित्रा माणूस, अन् ह्यानं एवढं केलं! जमादाराला बघून घसरला असंल, लेकरंबाळं आहेत. पण एकदा तरी केलं ना. ते वाया जाऊ द्यायचं न्हाई, म्हणून म्हणालो. आत असताना लई आधार होता त्याचा."

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. त्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "गुरुजी, मी भजी खायला गेल्तो."

तो आता शिव्या देईल, पेपर तोंडावर फेकील, वाटलं. देव करो आणि फेको, असंही वाटलं. त्यानं पेपराची घडी नुसती घातली आणि उलगडली.

"हे माझ्या घरी सांगू नका," तो म्हणाला. "इथून जाताना तुमची वहिनी पोरीला फळ्यावरची ती चौकटीची जागा दाखवती."

मग त्यानं पेपर उघडला. "लिहा," म्हणाला, "पहिली बातमी."