अकरा उंदरांची डावी बाजू

त्या रविवारी ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून काचेच्या स्लाइड एकेक करून उजेडात धरत होती. प्रत्येकीवर उंदराच्या मेंदूचा एक काप, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. मी ओट्यावर बसून तिची दहा वर्षांपूर्वीची वही वाचून दाखवत होते.

"सात नंबर."

"सात नंबर, भोक डावीकडे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. नववीत शाळा सोडली म्हणून डावं-उजवं कळत नाही असं नाही."

ती हसली नाही. एरवी हसते. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

भोकाची भानगड अशी. मेंदू कापायच्या आधी त्याच्या एका बाजूला बारीक सुई टोचतात. नाहीतर काप काचेवर उलटा पडला की डावं कुठलं नि उजवं कुठलं, कुणाच्या बापाला कळत नाही. ताईच्या पहिल्या लॅबमध्ये सुई डावीकडे टोचायची पद्धत होती, दुसऱ्या लॅबमध्ये उजवीकडे. नव्या ठिकाणी पहिल्या अकरा उंदरांना तिनं हाताच्या सवयीनं डावीकडेच टोचलं. वहीत तसं लिहिलंही. पण दीड वर्षानं सगळ्या कापांतला बिघाड मोजायला बसली ती नवा नियम धरून: भोक म्हणजे उजवी बाजू. अकरा उंदीर उलटे मोजले गेले.

आणि त्यातनंच तिचा सगळ्यात गाजलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघाला. मेंदूची डावी बाजू बिघडली तर उंदीर वाट विसरतो, उजवी बिघडली तर नाही, असं काहीतरी. जगातल्या चारशे तीस पेपरांत त्याचा दाखला दिलाय. तिचे बाकीचे अठरा पेपर मिळून दोनशेदहा, त्यातलेही निम्मे दाखले तिचे तिनंच दिलेले, हे तीच सांगते. मला आकडे पाठ आहेत, कारण आमच्याकडे जेवताना दुसरं काही चालायचंच नाही.

तीन आठवड्यांनी कमिटी बसणार होती. ताई एकेचाळीस वर्षांची, तरी दर दोन वर्षांनी नवा करार. यावेळी कायम झाली तर झाली, नाहीतर टेबल रिकामं करा. कमिटी पेपर वाचत नाही. आकडा बघते.

"परत मोजलं तर काय निघतं?" मी विचारलं.

"काही नाही. दोन्ही बाजू सारख्या."

"मग ही वही जाळून टाकू. गॅस समोरच आहे."

"गप बस."

"पण तुला याबद्दल कुणी विचारलंय का?" मी म्हटलं.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि आठ नंबरची स्लाइड उचलली.

दुपारी तिनं तिच्या सरांना फोन लावला. हातात स्लाइडचा डबा होता म्हणून स्पीकरवर.

"अगं, तीन आठवडे कळ काढ. इतकी वर्षं ते उंदीर बोलले नाहीत, आता बोलणारेत का?"

"सर, नंतर माझ्याच्यानं होणार नाही."

"पेपरवर माझंही नाव आहे."

"हो सर. म्हणून तर आधी तुम्हाला फोन केला."

सर म्हणाले, "चूक तुझी म्हणून लिही." पेपर मागे घ्यायचं पत्र तिनं तसंच लिहिलं. चार ओळी, पण अख्खी संध्याकाळ गेली.

आईनं चहा ठेवला तिच्यापुढे. "कळलं असतं का कुणाला?"

"नाही."

"मग?"

"आई, पाय दुखतायत गं. उद्या बोलू."

तीन आठवड्यांनी कमिटी बसली. कमिटीनं सात मिनिटांत बाहेर काढलं तिला. मी माझ्या कुरियरच्या कामाच्या स्कूटरवरून तीन खेपांत तिचं सामान आणलं. त्या सरांना जिन्यात गाठून चार शब्द सुनवायचे होते मला, पण ताईनं बाही धरून खाली आणलं.

आता ती एका तपासणी लॅबमध्ये बसून लोकांच्या गाठींच्या स्लाइड बघते. घरी आली की चपला न काढता दहा मिनिटं खुर्चीत बसून राहते. आणि गंमत म्हणजे आकडा अजून वाढतोय. पेपर मागे घेतलाय असं त्यावर लाल अक्षरांत छापलंय, तरी लोक दाखला देतातच. परवा बघितलं, चारशे एकेचाळीस. तिला सांगितलं तर म्हणाली, "वाचत नाही गं कुणी."

गेल्या महिन्यात तिचा जुना लॅपटॉप मला दिला. फोटो काढून घेताना मेल उघडे सापडले. त्या रविवारच्या आदल्या दिवशीचा एक, कुठल्यातरी लांबच्या लॅबमधल्या मुलीचा. तिनं लिहिलेलं: चार वर्षं झाली, तुमच्यासारखं माझ्या उंदरांत येत नाही. आमचे सर म्हणतात माझाच हात वाईट. पुढच्या महिन्यात सोडून देतेय. जायच्या आधी एकच विचारते, तुम्ही भोक कुठल्या बाजूला पाडायचात?

ताईचं उत्तर रविवारी सकाळी नऊला गेलेलं, मी वही उघडायच्याही आधी. "हात तुझा चांगला आहे. सोडू नकोस, मी परत मोजून सांगते."