कॅमेरा चालू ठेवा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचा टॉवेलचा कारखाना निम्म्या कामगारांवर चालू राहिला. ऑफिसातल्या आम्हा सात जणांना मात्र घरून काम करायला सांगितलं. ऑफिस सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मालकांनी मला बजावलं, "ताई, सकाळी दहाला सगळ्यांना व्हिडिओवर घ्या. नंतर दर दोन तासांनी. कॅमेरा चालू पाहिजे. घरी माणूस कधी आडवा होईल, सांगता येत नाही."

मला ते पटलं नव्हतं, असं आज म्हणायला आवडेल. पण तेव्हा पटलं होतं. कोण काय करतंय हे दिसत नसलं की मी सारखी फोन लावत बसायचे. स्क्रीनवर सहा चेहरे दिसले की जरा बरं वाटायचं.

त्यात पाचच दिसायचे. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणारी मुलगी होटगी गावातल्या घरून जोडली जायची आणि तिचा चौकोन कायम काळा. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, कामाला चोख, बोलायला कमी. विचारलं की म्हणायची, "मॅडम, हितं रेंज न्हाय. कॅमेरा लावला की आवाज तुटतो."

मालकांनी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, दोन मिनिटं तरी लाव."

तिनं लावला. ती न्हाणीघरात बसली होती. पालथ्या बादलीवर पाट, पाटावर लॅपटॉप. दाराला लावलेल्या चादरीपलीकडून कुणीतरी खोकत होतं. तो खोकला थांबेचना. तिनं कॅमेरा बंद केला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "गुरुवारच्या कंटेनरचे कागद निम्मे झालेत."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती व्हिडिओवर आली नाही. फोन वाजायचा, पण कुणी उचलत नव्हतं. बुधवारी तो बंदच लागला.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. फोन लागेना तेव्हा मला आधी कंटेनर आठवला. ती नंतर आठवली.

कारण ते काम दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. कुठली फाइल ताजी, कुठल्या खोक्यात किती नग, सगळं तिच्या लॅपटॉपवर आणि तिच्या डोक्यात. मी जुने मेल काढून कागद जुळवत बसले. बंदरावरच्या एजंटचा फोन आला, "मॅडम, वजन जुळत नाही. असा माल आत घेणार नाहीत." मालक दर अर्ध्या तासानं विचारत होते, "लागला का फोन?"

शेवटी तिच्या नोकरीच्या अर्जावर तिच्या भावाचा नंबर सापडला.

"व्हय, ताई दवाखान्यात हाय," तो म्हणाला. "दाजींना काल ॲडमिट केलं. लई दम लागला होता. ताईचा फोन घरीच राहिला. तिनं तुमाला कळवायला सांगितलं होतं, नायतर नोकरी जाईल म्हणाली. गडबडीत माझ्याच ध्यानातनं गेलं. थांबा, देतो. हितं गेटाजवळच बसलीय."

ती फोनवर आली आणि मी काही म्हणायच्या आत सांगायला लागली, "मॅडम, शेवटच्या वीस खोक्यांचं वजन बदललंय. नवीन यादी सोमवारच्या मेलला जोडलीय, ती धरा."

"ते राहू दे," मी म्हणाले. "तुझा नवरा कसा आहे?"

तेव्हा ती रडली.

कंटेनर वेळेत रवाना झाला. तिचा नवरा तीन आठवड्यांनी घरी आला, काठीसारखा वाळून. एका कामाची दोघांना माहिती पाहिजे, हे मालकांना लगेच पटलं. कॅमेऱ्याचं पटायला वेळ लागला. "मग लोक काम करतायत हे कळायचं कसं?" ते म्हणाले.

"काम झालेलं दिसतं की, सर."

कॅमेरा सक्तीचा नाही, असा निरोप त्यांनी आठवडाभरानं पाठवला.

ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावर एकदा डबा खाताना मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली. "जाऊ द्या मॅडम. पण तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

दिवसातून चार वेळा मी तिला फोन करत होते. फाइल झाली का, मेल गेला का, कॅमेरा का बंद. आता कुणी घरून काम करणार असलं की मी आधी घरचं विचारते. काही जण सांगतात, काही जण "सगळं ठीक" म्हणून टाळतात. टाळणाऱ्यांची काळजी दिवसभर डोक्यात राहते. आणि एखाद्याचा फोन दोनदा वाजून बंद झाला, तर अजूनही माझ्याच्यानं खुर्चीत बसवत नाही.