उलटी शिवण

सांगलीत हळदीच्या पेठेमागं आम्ही राहायचो. आमच्या शेजारच्या बाई कुठलाही आवाज करण्याआधी तो जाहीर करायच्या. "फोडणी टाकती गं, चर्र व्हईल!" "बादली ठेवती गं!" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, पण सूचना असायची त्यांच्या लहान मुलीला. अचानक आवाज झाला की ती पोर कान दाबून थरथरायची.

कपड्यांचंही तेच. आतली शिवण अंगाला लागली की ती फ्रॉक ओरबाडून काढायची. म्हणून बाई तिला फ्रॉक उलटाच घालायच्या, शिवण बाहेर.

"नसते लाड," समोरच्या काकू एकदा म्हणाल्या.

बाईंनी दातानं दोरा तोडला. "आवं, टोचतंय म्हणती न्हवं? मग टोचतंय. तुमाला सुई टोचली तर मी पुरावा मागती व्हय?"

चैत्रात काकूंकडं हळदीकुंकू होतं. पोर टेरिलिनच्या उलट्या फ्रॉकात आली आणि बायका खो खो हसल्या. ती आईच्या पदरात शिरली. बाई तिला घेऊन तडक घरी गेल्या. फ्रॉक सुलटा करून आणतील, असं आम्हाला वाटलं.

थोड्या वेळानं दोघी परत आल्या. फ्रॉक तसाच उलटा होता. आणि आता बाईंचं पोलकंही उलटं होतं. शिवणी, लोंबते दोरे, सगळं बाहेर.

हसणं जागच्या जागी थांबलं. बाईंनी काकूंपुढं कपाळ केलं.

"लावा कुंकू. आन् तुमीबी एकदा घालून बघा. लय बरं वाटतंय."